नगरवर्णन ते नगर-आराखडा : मुंबईविषयक संदर्भग्रंथांची भाषा

मुंबई शहराविषयीचे संदर्भवाङ्मय विपुल आहे. ते कालानुक्रमाने चाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. शहर कसे आहे हे सांगणारे ग्रंथ मराठीतही लिहिले गेले आणि इंग्रजीतही. शहर कसे व्हावे हे ठरविणारे ग्रंथ मात्र मुळात इंग्रजीत लिहिले गेले, आणि मराठीत त्यांतील जे आले ते बहुधा भाषांतराच्या वाटेने आले. पहिल्या प्रकारच्या ग्रंथांना वाचक पुष्कळ लाभले. दुसऱ्या प्रकारचे ग्रंथ फारसे कोणी वाचीत नाही; परंतु त्यांतील एखाद्या शब्दावर एखाद्या कुटुंबाचे घर राहणे वा जाणे अवलंबून असते. या दोन प्रकारच्या ग्रंथांच्या भाषेत कोणते अंतर आहे आणि त्या अंतराचे परिणाम काय होतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीतील नगरवर्णनाचा आरंभ गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथापासून धरतात. माडगांवकर मूळचे गोव्याचे. बालपणीच मुंबईस आलेला हा शिक्षक शहराकडे पाहताना उपरेपणाचे कुतूहल आणि रहिवाशाची जवळीक या दोन्ही गोष्टी बाळगून होता. ग्रंथ निघाला तो काळही मोठ्या मोक्याचा होता. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू होऊन दहा वर्षे झाली होती, विहार तलावाचे पाणी शहरात येऊन थोडीच वर्षे लोटली होती, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, आणि कोटाच्या भिंती पाडण्याचा निर्णय झाला होता. म्हणजे जे शहर माडगांवकर वर्णन करीत होते, ते वर्णन छापून होईतो बदलत होते. देवळे, धर्मशाळा, बाजार, धंदे, जातिजमाती, शाळा, गिरण्या यांची माहिती ते बोलक्या मराठीत देतात, आणि ठिकाणांची नावे रहिवासी ज्या रूपात उच्चारीत त्या रूपात लिहितात. भाषेच्या अभ्यासकाला या ग्रंथाचे मोल या दुसऱ्या गोष्टीसाठी अधिक आहे. १९६१ साली न. र. फाटक यांनी त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुरली रंगनाथन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. नगरविषयक मराठी ग्रंथ इंग्रजीत जाण्याचा हा प्रकार विरळा आहे. वाहतूक बहुतेक उलट दिशेनेच चालते.

पुण्याविषयी नारायण विष्णु जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ साली, आणि मुंबईविषयी बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकांतील 'वर्णन' आणि 'वृत्तांत' हे शब्दच या परंपरेचा स्वभाव सांगतात. जे पाहिले ते सांगावे, जे ऐकले तेही सांगावे, आणि ऐकीव असेल तर तसे सुचवावे. या ग्रंथांत आकडे आहेत, पण आकड्यांसाठी ते लिहिलेले नाहीत.

आकड्यांसाठी लिहिलेले वाङ्मय सरकारी होते. १८६४ साली मुंबईत शिरगणती झाली. तीत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. १८७२ च्या गणतीत हा आकडा ६,४४,४०५ वर आला. आठ वर्षांत शहराची वस्ती पावणेदोन लाखांनी घटली याचा अर्थ कापसाच्या भरभराटीत आलेली माणसे मंदीत परत गेली, असा लावला जातो. १९०१ साली, प्लेगच्या ऐन काळात, वस्ती ७,७६,००६ भरली. याच गणतीच्या निमित्ताने एस. एम. एडवर्ड्स यांनी मुंबईच्या वाढीचा इतिहास लिहिला. तो १९०२ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला, आणि १९०९-१० मध्ये त्यांच्याच संपादनाखाली मुंबई शहर व बेट यांचे गॅझेटियर तीन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी जेम्स कॅम्पबेल यांनी जमविलेल्या सामग्रीचे खंड होतेच. मुंबईवर लिहिणारा कोणीही अभ्यासक आजही या गॅझेटियरकडे प्रथम वळतो, आणि ते योग्यच आहे. मात्र गॅझेटियर हा शासनकर्त्याने शासनकर्त्यासाठी केलेला ग्रंथ आहे, हे विसरता कामा नये. त्यात जे नाही ते अस्तित्वातच नव्हते असे समजण्याची एक सवय पुढील लेखकांना लागली, आणि तिचे फळ आराखड्यांच्या काळात दिसून आले.

तत्पूर्वी नामकोशांचा विचार थोड्या विस्ताराने करणे अवश्य आहे. १९०० साली जे. गर्सन दा कुन्हा या गोमंतकीय वैद्य-संशोधकाचा मुंबईच्या उगमावरील ग्रंथ निघाला. १९१७ साली सॅम्युएल टी. शेपर्ड या पत्रकाराने मुंबईतील स्थळनामे व रस्त्यांची नावे यांचा कोश प्रसिद्ध केला. शेपर्ड पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक झाले. त्यांचा कोश रंजक आहे आणि त्यातील माहिती कष्टाने मिळविलेली आहे. परंतु स्थळनामांच्या व्युत्पत्तीत जो धोका नेहमीच असतो तो येथेही आहे. एकेका नावाचा अर्थ एकेकटा लावू गेले असता कोणतीही गोष्ट खरी वाटू लागते. भेंडीबाजार हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. कोटातील इंग्रज या भागाला बाजारामागचा भाग म्हणत, त्या 'बिहाइंड द बझार'चे मराठीत 'भेंडीबाजार' झाले, ही कथा अजून मोठ्या आवडीने सांगितली जाते. हे नाव एकटे घेतले तर कथा खोडून काढणे सोपे नाही. पण ते शेजाऱ्यांच्या रांगेत उभे करावे. उमरखाडी, चिंचबंदर, चिंचपोकळी, फणसवाडी, केळेवाडी, ताडवाडी : सारे बेटच झाडांच्या नावांनी भरलेले आहे, आणि भेंडीचे झाड कोकणकिनाऱ्यावर सर्वत्र वाढते. या रांगेत भेंडीबाजार आपल्या जागी बसतो. त्यासाठी इंग्रजांना बोलाविण्याचे कारण उरत नाही.

शहराच्या नावाबद्दलही हीच पद्धत उपयोगी पडते. पोर्तुगिजांनी या बंदराला 'बों बाइया', म्हणजे चांगला उपसागर, म्हटले आणि त्यावरून 'बाँबे' आले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. पोर्तुगीज भाषेत 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचे विशेषण 'बोआ' हवे. 'बों' हे पुल्लिंगी रूप त्यापुढे येणार नाही. परंतु लिंगाच्या या आक्षेपाहूनही बळकट पुरावा जवळच आहे. वसईला पोर्तुगीज 'बासाइं' म्हणत. तेथे कोणी 'चांगला उपसागर' शोधीत नाही. मराठी नावातील शेवटच्या 'ई'ऐवजी अनुनासिक 'आइं' आणण्याची ही त्यांची नित्याची रीत होती. 'मुंबई'चे 'मोंबाइं' वा 'बोंबाइं' त्याच रीतीने झाले, आणि सोळाव्या शतकातील लेखनात ही दोन्ही प्रकारची रूपे सापडतात. १९९५ साली 'मुंबई' हे नाव इंग्रजीतही अधिकृत झाले, तेव्हा झालेल्या वादात वसईची आठवण फारशी कोणी काढली नाही.

स्थळनामांचा उपयोग केवळ कुतूहल शमविण्यापुरता नाही. उमरखाडी या नावात खाडी आहे, पायधुणी या नावात पाय धुण्याइतके पाणी आहे, आणि आज दोन्ही ठिकाणी पाण्याचा मागमूस नाही. सात बेटांमधील भरतीचे पाणी कोठून आत येई हे ही नावे सांगतात. फोरास रोड या नावात 'फोरास' हा जमीनधाऱ्याचा पोर्तुगीज शब्द आहे. खाऱ्या जमिनी भरून काढून ज्या विशिष्ट धाऱ्याने दिल्या गेल्या त्यांची आठवण त्यात राहिली. हॉर्नबी वेलार्डमधील 'वेलार्ड' हा शब्द बांध वा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज 'वालादो'पासून आला. ज्याला या नावांचा अर्थ कळतो त्याला पावसाळ्यात पाणी कोठे तुंबेल याचा अंदाज नकाशा न पाहताही बराचसा करता येईल. नगररचनाकाराला हे ज्ञान उपयोगाचे आहे, पण त्याच्या संदर्भग्रंथांच्या यादीत शेपर्डचा कोश क्वचितच असतो.

नगररचनेचे वाङ्मय प्लेगमधून जन्मले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ भाग पाडणे, रुंद रस्ते काढणे, नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे. १९३३ साली तो महापालिकेत विलीन होईपर्यंत त्याचे अहवाल निघत होते. १९१५ साली मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. हे सारे लेखन इंग्रजीत होते. त्यांत 'चाळ' हा एक मराठी शब्द मात्र ठामपणे शिरला, कारण चाळ या वस्तूला इंग्रजीत शब्दच नव्हता.

याच काळात पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९२४ पर्यंत ते येथे होते. बडोदे, इंदूर आदी कितीतरी नगरांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्यांपैकी १९१८ सालचा इंदूर दरबारास सादर केलेला दोन खंडांचा अहवाल सर्वांत मोठा. आधी पाहणी आणि मग आखणी, हे त्यांचे सूत्र. गल्ल्या पाडीत सुटण्यापेक्षा अगदी मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, विहिरी व झाडे राखावीत, आणि वस्ती जेथल्या तेथे सुधारावी, असा त्यांचा आग्रह असे. इंदुरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलविला आणि ज्या गल्ल्यांतील घरे स्वच्छ होतील तेथून ती नेण्याचे जाहीर केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. अहवाल इंग्रजीत होता, तो होळकरांच्या दरबारासाठी होता. शहरातल्या माणसाला तो कळला तो मिरवणुकीच्या रूपाने. प्रकाशन या शब्दाचा हाही एक अर्थ असू शकतो. गेडिस यांच्या नंतरच्या कोणाही रचनाकाराला तो सुचल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतरची परंपरा थोडक्यात सांगता येईल. १९४८ साली न. वि. मोडक व अमेरिकन रचनाकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा सादर केली. १९५० व १९५७ साली शहराची हद्द उत्तरेकडे वाढली आणि साष्टीतील कित्येक गावे महापालिकेत आली. १९६४ साली पहिली विकास योजना तयार झाली. १९६५ साली 'मार्ग' या इंग्रजी नियतकालिकाच्या एका अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम सर्व राज्याला लागू झाला, आणि त्याच्या आधाराने पुढच्या योजना होत गेल्या. ज्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली त्या जमिनीचे मालक मराठी व आगरी बोलणारे होते. ज्या लेखाने त्यांचे भवितव्य बदलले तो त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या हाती पडला असेल. त्याच सुमारास, १९६४ साली, मराठी ही राज्याची राजभाषा म्हणून कायद्याने मान्य झाली होती.

राजभाषेच्या धोरणामुळे नगररचनेला मराठी परिभाषा मिळाली. आरक्षण, अभिन्यास, भोगवटा, सामासिक अंतर, चटई क्षेत्र हे शब्द आज नगरपालिकांच्या कागदांत सर्वत्र दिसतात. यांतील काही शब्द उत्तम आहेत. 'भोगवटा' हा जुना महसुली शब्द आहे. त्याला शतकांच्या वापराचे वजन आहे आणि तो खेडुतालाही कळतो. परंतु 'चटई क्षेत्र' या शब्दाची कथा निराळी आहे. सदनिकेच्या भिंतींच्या आत जी वापरण्याजोगी जमीन असते तिला इंग्रजीत 'कार्पेट एरिया' म्हणतात. गालिच्याची मराठीत चटई झाली याबद्दल तक्रार नाही. मुंबईकराच्या खोलीला तेच अधिक शोभते. अडचण अशी की 'फ्लोअर स्पेस इंडेक्स' या अगदी वेगळ्या मापालाही मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' असेच नाव पडले. हा निर्देशांक म्हणजे सर्व मजल्यांवरील बांधकामाचे एकूण क्षेत्र व भूखंडाचे क्षेत्र यांचे गुणोत्तर. पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल तर सर्व मजले मिळून पाचशे चौरस मीटर बांधता येते. त्यात भिंतीही मोजल्या जातात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील 'कार्पेट एरिया'मध्ये बाहेरच्या भिंती धरीत नाहीत. म्हणजे एकाच मराठी शब्दाने एकदा भिंतींसह आणि एकदा भिंतींवाचून मोजले जाते. पुनर्विकासाच्या सभेत 'तीनशे फूट चटई क्षेत्र मिळेल' हे वाक्य ऐकणाऱ्या वृद्ध भाडेकरूला यातले कोणते माप अभिप्रेत आहे हे कसे कळावे? पहिल्यासाठी 'वापरक्षेत्र' आणि दुसऱ्यासाठी 'बांधक्षेत्र निर्देशांक' असे दोन शब्द योजले असते तर हा घोटाळा झाला नसता.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. इंग्रजीतील 'स्लम' या शब्दासाठी शासकीय मराठीत 'गलिच्छ वस्ती' व 'झोपडपट्टी' असे दोन्ही शब्द वापरले गेले. पहिला शब्द घाण दाखवितो, दुसरा घरांचा आकार व मांडणी. १९७१ च्या कायद्यातील 'स्लम'ची व्याख्या मात्र या दोहोंहून रुंद आहे. ज्या भागात सोयींचा अभाव, दाटी वा अस्वच्छता यांमुळे आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका पोचतो, तसेच जेथील इमारती माणसाने राहण्यास अयोग्य आहेत, तो भाग तीत येऊ शकतो. म्हणजे पक्क्या भिंतींची, कौलारू छपराची, पिढ्यान्पिढ्या तीच माणसे राहत असलेली दाट वस्तीही कायद्याच्या इंग्रजी शब्दात बसू शकते. तिला मराठीत 'झोपडपट्टी' म्हणताच तिचा इतिहासच पुसला जातो, कारण मराठी भाषकाच्या मनात झोपडपट्टी ही अलीकडे उठलेली, दुसऱ्याच्या जमिनीवरची वस्ती असते.

कोळीवाडे आणि गावठाणे यांचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. 'गावठाण' म्हणजे गावाचे ठाण, वस्तीचे मूळ स्थान. हा महसुलातील शब्द आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे, आणि गावठाणातील बांधकामाला काही वेगळे नियम लागू पडतात. 'कोळीवाडा' हा लोकांचा शब्द आहे. तो वस्ती कोणाची हे सांगतो, सीमा सांगत नाही. 'पाखाडी' हा तिसरा शब्द. कोकणात त्याचा अर्थ दगडांनी बांधलेली पायवाट. मुंबई-साष्टीतील जुन्या गावांत तोच शब्द वस्तीच्या एका पोटविभागाला लावतात. ही वस्ती बोलण्यात पाखाडी आहे, कागदावर कदाचित भूमापन क्रमांक आहे, आणि आराखड्याच्या नकाशावर एखादा रंग आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे काम चालू असता, म्हणजे २०१५ चा मसुदा मागे पडून २०१८ साली सुधारित आराखडा मंजूर होईपर्यंत आणि त्यानंतरही, काही गावठाणांच्या व कोळीवाड्यांच्या हद्दी नीट दाखविल्या गेल्या नाहीत, काही भाग तर झोपडपट्टी म्हणून दाखविले गेले, अशा हरकती रहिवाशांनी घेतल्या. सीमांकनाचे काम आराखड्याच्या मंजुरीबरोबर संपले नाही.

या हरकती घेणाऱ्याला संदर्भग्रंथांचा उपयोग कितपत होतो? माडगांवकरांच्या ग्रंथात आणि 'वृत्तांता'त वस्त्यांची नावे सापडतात, पण सीमा सापडत नाहीत. शेपर्डचा कोश मुख्यत्वे जुन्या शहराच्या नावांसाठी आहे. उपनगरांतील गावे १९२० साली स्वतंत्र उपनगर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे वेसावे वा गोराई यांची जुनी माहिती मुंबईच्या नव्हे, तर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पाहावी लागते, आणि हे पुष्कळ अभ्यासकांच्याही ध्यानात येत नाही. शहराच्या भागासाठी १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांनी केलेली पाहणी आहे. तिच्या नकाशांत घरांच्या रेषा आहेत, परंतु लोकांच्या तोंडची नावे थोडी. नाव एका ग्रंथात, रेषा दुसऱ्यात आणि हक्क तिसऱ्यात, अशी ही विभागणी आहे.

म्हणून एखाद्या वस्तीची सूची करू पाहणाऱ्याने प्रथम तेथील वृद्धांकडून पाखाड्या, विहिरी, क्रूस, देवळे, जाळी वाळविण्याच्या जागा यांची नावे उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत. मग ती गॅझेटियरमध्ये आणि जुन्या मराठी ग्रंथांत कोणत्या रूपात आली आहेत ते पाहावे. आणि शेवटी त्यांपुढे भूमापन क्रमांक मांडावा. हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे क्रमांकापासून आरंभ केल्यास, ज्या जागेला क्रमांकच मिळाला नाही तिचे नाव सूचीत येण्याची शक्यता उरत नाही. जाळी वाळविण्याच्या मोकळ्या जागांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे लागते, कारण नकाशावर त्या बहुधा कोऱ्या दिसतात.